बाबा खाटेवर बसला होता म्हणे

पेपरात होतो तेव्हा होळीला माझ्या वाट्याला एक फोटो आणि दोन ओळी यायच्या. सातपुड्यातला नाचणारा, अंगभर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप. नाव नाही, गाव नाही. मी पानभर मजकूर पाठवायचो, तिकडे उपसंपादक कात्री चालवायचा आणि मी शहाद्यात चरफडत बसायचो.

मग न्यूजलेटर सुरू केलं. वा! लिहा, बटण दाबा, थेट वाचकाच्या मोबाइलवर. यंदा होळीला नाचणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबावर ऐसपैस लिहिलं, चांगलं नावागावासकट. आणि हौसेनं एक वाक्य जोडलं, ‘खाटेवर मांडी घालून बाबा बोलू लागला.’

होळी होऊन आठवडा झाला आणि बाबा एसटीनं थेट माझ्या दारात.

गावातले मास्तर माझे वाचक. त्यांनी कौतुकानं सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. होळीसाठी नाचणारा व्रत धरतो, आणि त्या दिवसांत त्यानं खाटेवर बसायचं नसतं. मला ठाऊक होतं हो, चांगलं ठाऊक होतं! मी त्याला भेटायला गेलो त्या दिवशी खाटेवर मी बसलो होतो, बाबा भुईवर.

“लोक विचारतात, व्रत मोडलं का? पुढच्या होळीला टोप देतील का मला?” बाबानं दारातूनच विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आतून बायको म्हणाली, “कात्री नको व्हती ना तुले? मंग आते भोग.”

मी तिथल्या तिथे दुरुस्ती लिहिली, सगळ्या वाचकांना पाठवली, मोबाइल बाबापुढे धरला. त्यानं पाहिलंसुद्धा नाही. “जिथं वाचलं, तिथं येऊन वाच.”

दुसऱ्या दिवशी गेलो. बाबाच्या अंगणात माणसं जमली होती. पाहुणा म्हणून मला तीच खाट पुढे केली. मी मुकाट्यानं खाली बसलो आणि वाचलं, ‘खाटेवर मी होतो. बाबा भुईवर होता. त्यानं व्रत मोडलं नाही.’

एका म्हातारीनं विचारलं, “मग खोटं का लिहिलं?”

“वाक्य छान वाटलं म्हणून,” मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

मग तीच म्हातारी खो खो हसत सुटली आणि तिच्यामागे सगळं अंगण.

बाबाचं व्रत आता संपलं होतं. तो उठला, खाटेवर चढला, ऐटीत मांडी घातली आणि माझ्या वहीकडे बोट दाखवलं.

“हां. आता लिही.”