डाळमिलच्या भोवऱ्यातली हवा

शेजारच्या डाळमिलवर पत्र्याचं भलं मोठं नरसाळं बसवलं, तेव्हा मालक नाना म्हणाले, "वहिनी, आत हवा गरगर फिरते. धूळ कडेला लागून खाली पडते, वरून निघते ती स्वच्छ हवा."

दिसत नाही त्यावर विश्वास कसा ठेवायचा? लेकीचा खोकला तर थांबत नव्हता. मी गच्चीवर ओलं पांढरं फडकं वाळत घातलं. संध्याकाळी ते पिवळट झालं होतं. नानांनी ते बोटांनी चोळलं आणि मिल बंद केली.

नरसाळ्याच्या तळाशी फट होती. तिथून शिरणारी हवा खाली पडलेली धूळ पुन्हा वर नेत होती. फट बुजली, खोकलाही उतरला.

"आता पटलं ना?" नाना विचारतात. मी हो म्हणते. तरी रोज खिडकी उघडून पहिला श्वास मी घेते, मगच लेकीला जवळ बोलावते.