बुक्कीनं फोडलेला कांदा

विष्णुपुरीच्या खानावळीत भाकरी थापणारी एक बाई होती. ताट वाढलं की ती एका बुक्कीत कांदा फोडून द्यायची. एके दिवशी ती हात पदरात गुंडाळून बाजूला उभी होती आणि तिचा नवरा वेड्यावाकड्या भाकरी थापत होता.

"कांदा आज तुमचा तुम्हीच फोडा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दवाखान्यात तपासलं, तं माह्या पोटात जंत निघाले. औषध चालू हाय. डॉक्टर हाव म्हणंपर्यंत पिठाला हात लावणार न्हाई."

जेवायला बसलेल्यांपैकी दोघं उठून गेले. तिनं अडवलं नाही. मी जेवलो. बरी होऊन ती चुलीपाशी परतली, तेव्हा पहिला कांदा माझा फुटला.

आता मी लातूरला असतो. इथल्या खानावळीत विचारावं, तर कुणालाच कधी जंत झालेले नसतात. म्हणून कांदा मी माझ्याच हातानं फोडतो.