नेपल्सच्या बाईने मला परत बोलावलं नाही

पाठ फिरवून निघून जाणं ही एक कला आहे, आणि ती मला येते असं मी अनेक वर्षं समजत होतो. भाव ऐकायचा, "राहू द्या" म्हणायचं, वस्तू अलगद खाली ठेवायची आणि निघायचं. फार भरभर चालायचं नाही, कारण मागून आलेली हाक ऐकू आली पाहिजे. फार हळूही नाही, कारण मग गरज दिसते. दाराबाहेर पडेपर्यंत हाक येतेच. याच कलेवर मी डॅलसमध्ये गाडी घेतली, फ्रिस्कोच्या घरात गालिचे टाकले, अर्विंगमधल्या माझ्या किराणा दुकानाचं भाडं ठरवलं. दुकानात मात्र भाव पक्के. एखाद्या नागपूरच्या काकू "दोन पाकिटं घेते, थोडं कमी करा ना" म्हणाल्या, की मी काउंटरवरच्या मशीनकडे बोट दाखवतो. "काकू, मी लगेच करेन हो, पण हे ऐकत नाही."

भूमध्य समुद्रातली ती क्रूझ माझ्या साडूंनी ठरवली होती. साडू डॉक्टर. माझ्या कितीतरी आधी अमेरिकेत आलेले, अल्फारेटाला मोठं घर, तिथल्या मराठी मंडळींत मान. त्याच मंडळींचा ग्रुप जहाजावर होता. पहिल्याच रात्री जेवताना त्यांनी माझी ओळख करून दिली, "हे आमचे साडूभाऊ. देवाला नारळ वाढवला तरी अर्धा परत मागून घेतात."

अख्खं टेबल हसलं. माझी बायकोसुद्धा.

"अगं, तसाही अर्धा परत देतातच!" मी खोलीत आल्यावर म्हणालो.

"हे तिथे का नाही बोललात?"

तिथे सुचलं नव्हतं, म्हणून तर राग होता. तो राग घेऊनच मी नेपल्सला उतरलो.

बायकोला त्या सहलीतून एकच वस्तू हवी होती. पोवळ्यांची माळ. सासूबाईंची माळ थोरल्या लेकीकडे, म्हणजे साडूंच्या घरी गेली. त्यात कोणाचं काही चुकलं नाही. माळ एक आणि मुली दोन. पण गणपतीला ताई ती माळ घालून आरतीला उभी राहिली, की माझी बायको नुसती निरांजनाकडे बघत राहायची. नेपल्सच्या बाजूला पोवळ्यांचं काम चालतं, हे तिने निघण्याआधीच वाचून ठेवलं होतं. आमच्या संसारात नाव घेऊन मागितलेली ही तिची पहिली वस्तू.

बाकीची मंडळी जहाजाच्या बसने पॉम्पेईला गेली. त्या बसचे पैसे ऐकून मी आधीच चिडलो होतो. टॅक्सीवाल्याशी भांडून झालं. मग आम्ही चालत निघालो. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या बायका खिडकीतून एकमेकींना मीठ देऊ शकल्या असत्या. डोक्यावर वाळत घातलेल्या चादरी, आणि मागून येणाऱ्या स्कूटरी आम्हाला भिंतीला चिकटवून जात होत्या.

अशाच एका गल्लीत ते दुकान होतं. आत पांढऱ्या केसांची एक बाई, चष्मा साखळीने गळ्यात. तिने काचेखालून एक माळ काढून बायकोच्या हातात दिली. बायकोने ती तळहातावर जरा तोलली आणि मला कळलं, हीच.

आता आमचं नाटक सुरू झालं. ते आम्ही अनेक दुकानांत केलेलं आहे. आवडलेल्या वस्तूला तिने नावं ठेवायची.

"फिकी आहे हो," ती नाक मुरडून म्हणाली. "आणि मणीही लहानमोठे."

नाक मुरडलेलं सगळ्या जगाला कळतं. बाईने कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवला. मी त्याच्या निम्मा दाखवला. तिने फडक्याने कॅल्क्युलेटरची काच पुसली आणि पुन्हा पहिलाच आकडा दाबला. मी थोडा वर चढलो. तिने पुन्हा काच पुसली. त्या पुसण्याने माझं डोकं फिरलं. "राहू द्या!" मी चक्क मराठीत ओरडलो आणि निघालो.

हाक आली नाही. कोपऱ्यावर नळांचं दुकान होतं. मी तिथे थांबून नळ बघू लागलो, बाईला हाक मारायला वेळ मिळावा म्हणून. तेवढ्यात मागे शटर खडखडत खाली आलं. बाई कुलूप लावून, हातात पिशवी घेऊन आमच्या शेजारून गेली. जाताना हसून नमस्कारासारखं काहीतरी म्हणाली. जेवायला चालली होती.

"झालं?" बायकोने विचारलं.

"भर दुपारी दुकान बंद करतात म्हणजे काय! याला धंदा म्हणतात?"

"हेच पुण्यात असतं तर हसून चार लोकांना सांगितलं असतंत."

शटरवरच्या पाटीप्रमाणे दुकान चारला उघडणार होतं. पाचच्या आत जहाजावर चढायचं होतं. मी म्हणालो, दुसरं दुकान बघू. दोन-तीन बघितलीही. ती प्रत्येक माळ हातात घ्यायची आणि काहीही नावं न ठेवता परत द्यायची. त्यावरून काय ते समजलो.

शेवटी आम्ही त्याच शटरसमोर आलो. मी पायरीवर बसलो. "तुम्ही बसा राखण करत," ती म्हणाली, "मी गाव बघून येते." आणि खरंच गेली. परत आली तेव्हा तिने तळलेला पिझ्झा खाल्ला होता, एका चर्चचं सोनेरी छत पाहिलं होतं, आणि एका आजीने तिच्या टिकलीला बोट लावून पाहिलं होतं. नेपल्समध्ये काय पाहिलं असं मला कोणी विचारलं तर एकच उत्तर आहे. करड्या रंगाचं शटर.

चार वाजून गेले. बाईचा पत्ता नाही. मी उठत होतो, बसत होतो, गल्लीच्या तोंडाशी जाऊन येत होतो. बायकोने घड्याळ पाहिलं.

"चला. राहू द्या."

माझंच वाक्य. पण ती नाटक करत नव्हती.

"थांब गं जरा!" मी तिच्यावरच खेकसलो.

मग बाई आली. घाई नाही, काही नाही. आम्हाला पायरीवर पाहून तिला आश्चर्यही वाटलं नाही. शटर वर गेलं. तिने कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. मी तो तसाच मागे ढकलला आणि कार्ड ठेवलं. पण ती माळ डबीत घालत असताना माझा हात आपोआप उचलला गेला, भाजीवाल्याकडे वर कोथिंबीर मागताना उचलला जातो तसा. काउंटरवर टोपलीत लिंबं होती. मी बोट दाखवलं. बाई पहिल्यांदाच मोठ्याने हसली. तिने टोपलीतलं एक लिंबू निवडलं आणि बायकोच्या हातात दिलं.

बंदरापर्यंत आम्ही धावलो. मी धापा टाकत, ती एका हातात डबी आणि दुसऱ्या हातात लिंबू घेऊन. जहाजाचा जिना वर ओढायच्या तयारीतल्या माणसांनी आम्हाला आत घेतलं.

रात्री बायको ती माळ घालून जेवायला आली. ताईने मणी बोटांत घेऊन पाहिले. "आईच्या माळेसारखीच आहे गं."

"नाही ताई, आईची गडद आहे. ही फिकी आहे," बायको म्हणाली. आणि हसली. माझ्याकडे बघूनच.

साडूंनी काटा खाली ठेवला. "काय साडूभाऊ, कितीवर आणलंत बाईला?"

टेबल वाट बघत होतं. खोटं बोलायला हरकत नव्हती. बायको सोडून कोणी साक्षीदार नव्हता.

"तिने सांगितलं तेच दिलं," मी म्हणालो. "वर एक लिंबू मिळालं."

"अरेरे! नारळ तरी अर्धा मिळाला असता!"

अख्खं टेबल हसलं. या वेळी मीही हसलो.

त्या वर्षी गणपतीत ताई अल्फारेटाहून आमच्याकडे आली. दोघी बहिणी शेजारी शेजारी आरतीला उभ्या राहिल्या, दोघींच्या गळ्यात पोवळी. बायको निरांजनाकडे बघत नव्हती. गणपतीकडेही नव्हती. सगळीकडे बघत होती.

एवढं सगळं छान झालं. तरी त्या बाईवरचा माझा राग गेलेला नाही. त्या नळांच्या दुकानापर्यंत मी किती हळू चालत गेलो होतो! एक हाक मारायला तिचं काय जात होतं?