माहेरी गेलेल्या ओळी

ही गोष्ट मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण असं काही नाही. आज मन खुशीत आहे, एवढंच.

सोलापुरात मी माता-बाल आरोग्याच्या एका संशोधन संस्थेत डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. गरोदर बायांच्या तपासण्या, बाळांची वजनं, लशी — एकेका बाईची एकेक ओळ माझ्या स्क्रीनवर येते. आणि मला हे काम आवडतं हो, अगदी मनापासून. एखाद्या अशक्त बाळाचं वजन महिन्यागणिक वाढताना दिसलं, की मी खुर्चीत एकटीच हसत बसते.

सहा वर्षांपूर्वी करकंब गावच्या नोंदी बघत होते. पहिलटकरणी सातव्या महिन्यानंतर गायब! पुढची तपासणी नाही, बाळंतपण नाही, बाळ नाही. मी मोठी शहाणी — घरोघर जाऊन नोंदी करणाऱ्या तिथल्या आशाताई कामचुकार, असं ठरवून मोकळी. तसा अहवालही लिहायला घेतला. जाब विचारायला शबानाआपांना फोन लावला. आपा तिथल्या जुन्या आशा, उन्हातान्हात दारोदार फिरणाऱ्या. माझं ऐकून त्या आधी पोटभर हसल्या.

"अवो मॅडम, पयल्या बाळंतपणाला पोरगी सासरी ऱ्हाती व्हय? म्हायेरला गेली की ती."

आता सांगा, हे मला कळू नये? माझी स्वतःची लेक अक्कलकोटला, माझ्या माहेरी जन्मलेली! सासरच्या आशेच्या वहीतून पोरगी सुटायची, माहेरच्या आशेच्या वहीत पाहुणी म्हणून चढायचीच नाही, आणि बाळाच्या लशी राहायच्या मधल्या मध्ये.

मग बैठक झाली. साहेबांनी विचारलं, हे तुला सापडलं कसं? आणि मी — बघा, अजून जीभ अडखळते — मी म्हणाले, "डेटा नीट वाचला की दिसतं, सर." आपांचं नाव अगदी ओठांवर होतं. गिळलं. का? कुणी अडवलं होतं का मला? कुणीही नाही. टाळ्या गोड लागल्या.

पुढे सगळं छानच झालं. वहीत माहेरचं गाव आणि फोन नंबर लिहायला सुरुवात झाली. इकडची आशा तिकडच्या आशेला फोन करून पोरगी सोपवायला लागली. हरवलेल्या ओळी बाळासकट परत आल्या. तो आनंद खरा आहे, आजही आहे. बढती मात्र माझी झाली.

गेल्या महिन्यात या कामासाठी माझा सत्कार झाला. आपा करकंबहून एसटीने आल्या, पेढे घेऊन. तो फोन त्यांच्या लक्षातही नसावा. त्यांच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती, गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली. सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांनीच वाजवल्या, आणि शेजारच्या बाईला माझ्यादेखत म्हणाल्या, "आमची मॅडम लई हुशार. हापिसात बसून समदं वळाखलं तिनं."

मी हसले. त्यांच्या हातचा पेढा खाल्ला. आणि दुसराही मागून घेतला.