पेपर चालू असताना खिडकीकडे बघायचं नाही

थांबा, आधी हे सांगून टाकते. आत्ताच. उद्यावर ढकललं तर परत लाज वाटेल आणि राहूनच जाईल.

लॉकडाऊनमध्ये आम्ही हिंजवडीजवळच्या जांबे गावात भाड्याच्या खोलीत राहायचो. खोली एक, माणसं चार. पप्पा हिंजवडीत एका कंपनीच्या कॅन्टीनला होते. कंपनीवाले घरी बसले, म्हणून पप्पा पण घरी बसले. फरक एवढाच की कंपनीवाल्यांचा पगार चालू होता, पप्पांचा बंद.

माझं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. पेपर मोबाईलवर, कॅमेरा चालू ठेवून. मागे दुसरं कुणी दिसलं की वॉर्निंग, नजर स्क्रीनवरून हलली तरी वॉर्निंग. तीन झाल्या की पेपर बंद, वर्ष गेलं. सराव परीक्षेत माझ्या तिन्ही दहा मिनिटांत संपल्या. एक भावामुळे, एक आईमुळे, आणि तिसरी मी वळून "आई, बाजूला हो ना!" ओरडले म्हणून.

आई म्हणाली, "बाजूला म्हंजी कुटं? भितीत शिरू का?"

तेव्हा एक ताई मला दर आठवड्याला फोन करायची. आमच्यासारख्या पोरापोरींना मदत करणाऱ्या ग्रुपमधली. रिचार्ज मारून द्यायची, अभ्यास विचारायची, जेवलीस का विचारायची. मला तिचा भयंकर संशय! पप्पा म्हणायचे, "फुकाट कोन कुनाला इचारतंय? कायतरी आसंल तिचं." मी तर तिला आधार नंबर पण चुकीचा दिला होता, शेवटचा आकडा बदलून. खरंच.

सराव परीक्षेचं आईनेच तिला फोनवर सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी बाई स्कूटीवर हजर. आमच्या शेजारच्या खोल्या रिकाम्याच होत्या, भाडेकरू गावी निघून गेलेले. ताई थेट घरमालक काकांकडे गेली. "काका, पेपरच्या दिवशी तीन तास एक खोली उघडून द्या."

काका चार हात लांबूनच म्हणाले, "आज पेपर म्हनत्याल, उद्या चूल मांडत्याल. तुमी कोन हिच्या?"

"कुणीच नाही. पण दाराबाहेर मी स्वतः बसते. पेपर संपला की किल्ली तुमच्या हातात."

काकांनी किल्ली दिली. आणि पेपरच्या दिवशी समोर खुर्ची टाकून स्वतःच पहाऱ्याला बसले.

खोलीत कुणाचीतरी गादी गुंडाळलेली, दोरीवर एक शर्ट तसाच राहिलेला. उजवीकडे खिडकी, खिडकीबाहेर ताई. पेपर सुरू झाला. दहाव्या मिनिटाला माझ्या डोक्यात आलं, ही माझा व्हिडिओ काढत असणार. 'गरीब मुलीला मदत' म्हणून कुठंतरी टाकणार. बघितलं. वॉर्निंग. ताई बाटलीतून पाणी पीत होती.

मग तिचं फोनवर हळू बोलणं ऐकू आलं. कुणाशी? माझ्याबद्दल? परत बघितलं. दुसरी वॉर्निंग! घरचं कुणीच नव्हतं मागे, आता नाव कुणाचं घेणार?

आणि मग क्लिक. फोटोचाच आवाज, देवाशप्पथ. मान वळायलाच लागली होती, मी हाताने गाल दाबून धरला. पुढचे दोन तास खिडकीकडे बघितलं नाही. पेपर त्यामानाने सोपा होता.

सबमिट केलं, बाहेर आले आणि थँक्यू सोडून म्हणाले काय? "फोटो काढला ना तुम्ही?"

"हो," ताई म्हणाली. "चेहरा नाही आलाय तुझा. ग्रुपच्या वरच्या लोकांना पाठवावा लागतो गं, नाहीतर पुढच्या महिन्याचे रिचार्ज देत नाहीत. पण आधी विचारायला हवं होतं, चुकलंच माझं." आणि तिने माझ्यासमोर तो फोटो उडवला.

मला जिंकल्यासारखं वाटलं, बघा! घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "तीन तास उनात बसली ती बाय. च्या तरी इचारलास का?"

नव्हता विचारला.

पास झाले मी. नोकरीही लागली. तरी अजून कुणी 'काही लागलं तर सांग' म्हटलं की मी आधी त्याच्या हातातला मोबाईल बघते. माझं चुकलं, का फोटो मागणाऱ्या त्या वरच्यांचं, अजून ठरत नाही. तुमचं झालंय का असं? मदत हवी पण होती, आणि देणाऱ्यावर डोळा पण ठेवला? सांगा ना, खरं खरं.