पिवळ्या पाण्याची साक्ष

पाटोद्याच्या स्टँडमागं, पत्र्याच्या शेडमध्ये हमीदचाचा गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचे. गाडी दारात उभी राहिली की इंजिन निवेपर्यंत ते निवांत चहा प्यायचे. मग झाकण काढून आतल्या पाण्यात बोट बुडवायचे आणि बोट सरळ जिभेला लावायचे. थुंकून म्हणायचे, "बोअरचं हाय, लई खारट." कधी तर कुठल्या गावचं पाणी तेही सांगायचे. नवख्या गिऱ्हाइकाला किळस यायची. मलाही आली होती. पण मालक गाडीबद्दल खरं बोलतोय की थापा मारतोय, हे त्यांना त्या एका थेंबात कळायचं, आणि तिथंच माझ्या घोड्यानं पेंड खाल्ली.

मी तेव्हा दूध संघाचा एक रूट चालवायचो, म्हणजे अकरा गावांचं दूध गोळा करून संघात पोचवायचो. आईबाप ऊसतोडीला जायचे, मी फडातच वाढलो. त्यामुळं कुणी आयतं काही देईल ही आशा मला कधी नव्हती. माझी जुनी जीप मी तीन दिवस घासाघीस करून घेतली होती आणि विकणारा शेवटी वैतागून किल्ली फेकून गेला होता. आजही त्याचा मला अभिमान आहे. संघाचा नियम असा, की लागोपाठ दोन खेपा चुकल्या तर रूट दुसऱ्याला. तो दुसरा कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चेअरमनसाहेबांचा मेहुणा नवी पिकअप घेऊन टपूनच बसला होता.

त्या साली दुष्काळ होता. जनावरं छावणीत, माणसं टँकरच्या वाटेकडं डोळे लावून. त्यातच माझा रेडिएटर गळायला लागला. मिस्तरीकडं जायचं म्हणजे खर्च, म्हणून मी आपल्या अकलेनं त्यात मूठभर हळद टाकली. गळती थांबली. आठवड्यानं पुन्हा सुरू झाली, पुन्हा हळद. असं करत करत घरातला डबा रिकामा झाला आणि एके सकाळी घाट चढताना जीप वाफा सोडत थांबली. रडतखडत दूध संघात पोचवलं आणि चाचांच्या दारात गेलो.

त्यांनी बोट जिभेला लावलं आणि माझ्याकडं बघितलं.

"गाडीचं लगीन हाय का बे?"

जुन्या मालकानं काही टाकलं असेल, मी म्हणालो. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कामाचा भाव एकदाच सांगितला. मी माझ्या सवयीनं अर्ध्यावरून सुरुवात केली, तशी त्यांनी पाना खाली ठेवला आणि बाजेवर जाऊन बसले. ही त्यांची रीत होती. गिऱ्हाईक बोलून थकलं की ते उठायचे. "तुजं झालं का? आता मी माजं करतो," म्हणायचे. मी अर्धा तास बोललो. भाव एका पैशानं हलला नाही. माझ्या आयुष्यात असं दोनच माणसांपुढं झालंय, एक चाचा आणि दुसरे मुलीचे सासरे.

रेडिएटरची वरची टाकी त्यांनी झाळ, म्हणजे कथलाचा जोड, वितळवून सुटी केली. आतल्या नळ्या पिवळ्या चिखलानं बुजलेल्या. एकेका नळीत पातळ पट्टी घालून ती मोकळी करायची, फुटलेल्या जागी झाळ द्यायची, मग रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवून पंपानं हवा भरायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. पण टाकी कोरडी होती. पाटोद्याला नळ बारा-बारा दिवसांनी यायचा.

"दोन कॅन पानी आन. सांजपत्तूर गाडी देतो. न्हाई आनलं तर बुडबुडे काय हवेत बघू?"

मी दुधाचेच दोन रिकामे कॅन एका ट्रॅक्टरवर टाकले, आमच्या वस्तीवर गेलो, टँकरच्या पाण्यातला घरचा वाटा त्यांत भरला आणि परत आलो. बायको दोन दिवस बोलली नाही. संध्याकाळची एक खेप बुडाली, पण दुसऱ्या सकाळी जीप घाट गुणगुणत चढली.

चौथ्या दिवशी संघाचा निरोप आला. मला टँकरवर दुधाच्या कॅनमध्ये पाणी भरताना चेअरमनसाहेबांच्या मेहुण्यानं पाहिलं होतं. छावणीत उसाच्या शेंड्यांचं वाढं खाऊन म्हशींचं दूध तसंच पातळ झालेलं, त्यामुळं मी दुधात पाणी घालतो हे सगळ्यांना पटलं. रूट जाणार, वर भेसळखोर म्हणून नाव. बैठकीत मी तावातावानं टेबलावर मूठ आपटली आणि माझी बाजू आणखी खराब केली. चोरच असा ओरडतो, असं कुणीतरी म्हणालं.

एवढ्यात हमीदचाचा आत आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. शेडसमोरच्या चहावाल्याकडून कळलं आणि शेड बंद करून आले. हातात तंबाखूची डबी. ती त्यांनी चेअरमनसाहेबांपुढं ठेवली.

"साहेब, वास घ्या."

साहेबांनी घेतला. "हळद?"

"ह्याच्या रेडिएटरातनं काडली. ह्या येड्यानं डबाभर हळद घातली अन् मला म्हन्ला जुन्या मालकानं घातली. दोन कॅन पानी मीच मागिवलं. त्ये माज्या टाकीत हाय अजून, ह्याच्या हळदीनं पिवळंधमक. चार रोज त्याच पान्यावर धंदा करतोय. चला, दावतो."

सगळी बैठक हसत शेडपर्यंत गेली. टाकीतलं पिवळं पाणी सचिवांनी बघितलं, मेहुण्यानंही बघितलं. रूट माझ्याकडं राहिला. आणि त्या संध्याकाळपासून अकरा गावांत माझं नाव हळद्या पडलं.

मी चाचांशी भांडायला गेलो. पाण्याचं सांगायचं, हळदीचं कशाला सांगितलं? ते झाळ देत होते, मान वर केली नाही.

"हळद लपिवली आसती तर पानी पिवळं कावून, ह्ये काय सांगनार होतो? तुजी लाज वाचवू का तुजा रूट?"

माझा राग गेला नाही, तो नाहीच गेला. पुढं मी तीन गाड्या घेतल्या, सगळ्यांचे रेडिएटर त्यांच्याकडंच दिले, दर वेळी अर्धा तास घासाघीस केली आणि दर वेळी हरलो. मात्र ही हकिकत सांगताना मी हळदीचा भाग गाळायचो. चाचा तेवढे धावून आले, एवढंच सांगायचो.

गेल्या वर्षी चाचा गेले. मातीला पंचक्रोशीतले ड्रायव्हर आले होते. परतताना गेवराईच्या एका ट्रकमालकानं विचारलं, एवढी माणसं कशी काय जोडली मिस्तरीनं? कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवलं. "ह्या हळद्याला विचारा."

एरवी मी त्याची गचांडी धरली असती. त्या दिवशी कबरस्तानाच्या भिंतीला टेकून उभा राहिलो आणि त्या ट्रकमालकाला म्हणालो, "माझा रेडिएटर गळत होता. मी आपल्या अकलेनं त्यात मूठभर हळद टाकली."