केळशीकर बाईंच्या गोळ्या

केळशीकर बाई जंतूंवर ओरडत. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात त्यांची प्रयोगशाळा माझ्या रसायनशास्त्राच्या खोलीला लागून होती. मी नुकतीच नोकरीला लागले होते. "खायला घातलं, ऊब दिली, आणखी काय पाहिजे, मेल्यांनो?" हे पहिल्या दिवशी कानावर आलं, तेव्हा मला वाटलं, आत विद्यार्थी आहेत. डोकावले तर बाई एकट्याच, हातातला चंबू उजेडाकडे धरून उभ्या.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गावाबाहेर सायकलच्या भागांना क्रोमचा मुलामा देणारा एक छोटा कारखाना होता. त्याचं पिवळं पाणी शेजारच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जाई आणि पऱ्याकाठच्या विहिरीत झिरपे. क्रोमियमचं विष उतरवणारे जंतू बाईंनी त्या पऱ्याच्याच गाळातून शोधून काढले. मोकळे सोडले तर ते वाहून जात. म्हणून समुद्रशेवाळापासून काढलेल्या खळीत ते कालवून बाई कॅल्शियमच्या पाण्यात थेंब थेंब सोडत. थेंबाची लगेच गोळी होई, भिजलेल्या साबुदाण्याएवढी. जंतू आत कोंडलेले, पाणी बाहेरून वाहणारं. गोळ्यांनी भरलेल्या नळीत वरून पिवळं पाणी ओतलं की खालून नितळ पडे आणि धातू गोळ्यांत अडकून राही.

पाणी तपासायचं काम माझं. "छान उतरलंय, बाई," म्हटलं की त्या डाफरत, "मत नको गो, आकडा सांग."

कारखान्याचे मालक गोड बोलणारे. त्यांनी गोळ्यांचं पिंप बसवू दिलं. सुरुवातीला पाणी स्वच्छ आलं, बाई चक्क हसल्या. मग गोळ्या विरघळून त्यांचा शेंबूड झाला. बाई जंतूंवर ओरडओरड ओरडल्या. शेवटी मला पाण्यात फॉस्फेट सापडलं. भागांवरचं तेल काढायची पावडर त्याच गटारात येत होती आणि तीच गोळ्या विरघळवत होती.

"म्हणजे बिचाऱ्यांना उगाच बोलले," बाई म्हणाल्या.

उपाय सोपा होता. पावडरच्या पाण्याला वेगळं गटार काढायचं.

"करू की बाई," मालक म्हणाले. "शिमगा होऊन जाऊ दे." शिमग्यानंतर गडी भातलावणीला गेले. लावणीनंतर गणपती आले. बाई पुन्हा गोळ्या करत, त्या पुन्हा विरघळत. वर्षामागून वर्षं असंच चाललं. आमचे प्राचार्य म्हणत, "बाई, मुलांच्या निकालाकडे बघा, गटारांकडे काय बघता?"

एकदा विहिरीपाशी एका बाईने विचारलं, "आमी अजून वरच्या वाडीतनं पाणी आणताव. तुमचं यंत्र चालू हाय ना?" परतताना केळशीकर बाई एसटीत माझ्यावरच उखडल्या, "काय सांगू तिला? शिमगा होऊ दे म्हणून?"

पुढे एक दिवस आम्ही नमुना घ्यायला गेलो, तर मालक सरकारी तपासनिसांना पिंप दाखवत होते. "हे आमचं आधुनिक यंत्र. कॉलेजच्या बाईंनी बसवलंय. या बघा, बाईच आल्या."

तपासनीस कौतुकाने मान डोलवत लिहायला लागले. बाई पुढे झाल्या आणि त्यांनी पिंपाचा खालचा नळ सोडला. फरशीवर पिवळा शेंबूड पसरला.

"यात जंतू नाहीत, साहेब. पाणी जसं येतं तसंच पऱ्यात जातं. नमुना घ्या."

"बाई, नाव तुमचंच खराब होतंय," मालक हळूच म्हणाले.

"होऊ दे."

पिंप बाईंनी त्याच दुपारी टेम्पोत घालून परत आणलं. कारखान्याचं दार त्यांना कायमचं बंद झालं. पिंप प्रयोगशाळेच्या मागे पडून राहिलं आणि त्यानंतर बाई जंतूंवर ओरडल्याचं मी कधी ऐकलं नाही.

निवृत्तीनंतर बाई हर्णेला भावाकडे गेल्या. त्या अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी भेटून आले. तीच आमची शेवटची भेट. त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगितलं, "सरकारी नोटीस आल्यावर कारखान्याने धातू वेगळा काढायला रसायनाची आणि चुन्याची टाकी बसवली. विहिरीचं पाणी निवळलंय. मी स्वतः तपासलं."

"आणि गटार?"

"तेही वेगळं काढलं."

"किती दिवस लागले?"

मी त्यांची उशी सारखी करायला लागले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, तेव्हा सांगावंच लागलं.

"एक दिवस, बाई."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तशाच त्या अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे आता टिकल्या असत्या गो माझ्या गोळ्या."